मालकही चावतो

बद्रीनाथ शाळिग्राम आणि द्वारका शाळिग्राम. चार धामांपैकी दोन एकाच बंगल्यात नांदत होते, तरी त्या फाटकाकडे कुणी श्रद्धेने वळल्याचं हडपसरच्या त्या गल्लीत कुणाला आठवत नाही. गॅसवाला सिलिंडर रस्त्यावर ठेवून हाका मारी. पोस्टमन पत्रं कुंपणावरून आत भिरकावी आणि पुढच्या घरापर्यंत पाय उचलून चाले. याला कारण फाटकामागचा कुत्रा होता, फाटकावरची पाटी होती, आणि या दोहोंपेक्षा जास्त, पाटी लिहिणारा होता.

पाटी काळी, अक्षरं पांढरी. 'येथील कुत्रा चावतो. मालकही चावतो; पण तो आधी सांगतो.'

पुण्यात पाटी लावणं यात काही पराक्रम नाही. पण बद्रीनाथांनी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने रचलेली एवढीच दोन वाक्यं होती, त्यामुळे त्यांना ते वाङ्मय वाटत असे. दुसऱ्या 'चावतो'नंतर स्वल्पविराम द्यावा की अर्धविराम यावर ते इतके दिवस घोटाळले की तेवढ्यात समोरच्या इमारतीचे दोन मजले चढले. शेवटी अर्धविराम ठरला, तो त्यांनी स्वतः बारीक ब्रशने काढला, आणि संध्याकाळी पडद्याआड उभं राहून येणारेजाणारे हसतात का ते ऐकू लागले. कुणी हसलं की त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त खात.

तसे ते बँकेतून निवृत्त झाले होते. त्या निवृत्तीला 'स्वेच्छा' असं विशेषण होतं, पण इच्छा कुणाची हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगू शकला असता. संगणक आले, टिपणं लिहिणारी माणसं नकोशी झाली, आणि दुसऱ्यांच्या टिपणांतल्या वेलांट्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस तर सगळ्यांच्या आधी नकोसा झाला. समोर पूर्वी फ्लॉवरचं शेत होतं. तिथे आता दहा मजली इमारत होती आणि तिच्यात आयटी कंपन्यांतली माणसं राहत होती. नागपूरची, इंदूरची, कुठली कुठली. ती बँकेतल्या साहेबापेक्षा जास्त कमावत आणि 'आणि'तला 'णि' दीर्घ लिहीत. बद्रीनाथांच्या लेखी हा देश बुडाल्याचा पुरावा होता.

कुत्र्याचं नाव रफार. थोडा अल्सेशियन, बाकीचा गल्लीतला. गुरगुरताना र ला र जोडतो म्हणून बद्रीनाथांनी हे नाव ठेवलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावून सांगत. रफार शब्दाच्या डोक्यावर बसतो, तसा हाही घराच्या डोक्यावर बसला होता. त्याला साखळी होती, पण ती खुंटीला असे. 'बांधून ठेवायला तो काय कारकून आहे?' असं बद्रीनाथ म्हणत. तीस वर्षं कारकुनी करून हे म्हणायला जीभ कशी वळते, असं द्वारकाबाईंच्या मनात यायचं. मनातच यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची त्यांना लग्नापासूनची सवय होती.

दोन वर्षांपूर्वी रफार द्वारकाबाईंना चावला होता. त्याचं ताट सरकवताना मनगटाला कडकडून चावला, टाके पडले, इंजेक्शनं झाली. बद्रीनाथ दवाखान्यात सोबत गेले होते हे खरं. जाताना रिक्षात त्यांनी निकाल दिला, 'खाताना ताटाला हात लावायचाच कशाला? चूक तुझी आहे.' गल्लीत सांगायचं ठरलं की विळी लागली. द्वारकाबाईंनी तसं सांगितलं, आणि सांगता सांगता चूक आपलीच असावी असं त्यांना वाटायलाही लागलं. माणूस कुठल्याही गोष्टीला सरावतो, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नसतं.

मग तो एका मुलीला चावला.

समोरच्या इमारतीतले रामटेके, त्यांची मुलगी अपेक्षा. वय वर्षं सात. चित्रकलेच्या क्लासहून घरी चालली होती, हातात कागदाची सुरळी. बद्रीनाथ फाटक उघडं टाकून रस्त्यावर उभे होते आणि कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवण्याचे शिष्टाचार शिकवत होते. रफार त्यांच्या मागोमाग बाहेर आलेला. ड्रायव्हर मोठ्या आवाजात काहीतरी बोलला, तसा रफार उसळला आणि ड्रायव्हर गाडीत होता म्हणून जवळ सापडली तिला, त्या पोरीच्या पोटरीला त्याने धरलं. रस्त्यावर. फाटकाच्या आत नव्हे, फाटकातही नव्हे, महानगरपालिकेच्या रस्त्यावर. पुढे बद्रीनाथ हे सोयीस्करपणे विसरणार होते.

द्वारकाबाईंनी व्हरांड्यातून सगळं पाहिलं. मुलगी पळाली नव्हती. कुत्रा जाऊ दे म्हणून ती भिंतीला लागून गुमान उभी राहिली होती.

बद्रीनाथांनी कुत्र्याला पट्ट्याला धरून मागे ओढलं, त्याच्या तोंडाला काही लागलं नाही ना ते बघितलं, आणि मग मुलीकडे वळले.

"पळालीस कशाला? कुत्र्यासमोर पळायचं नसतं एवढंही शिकवत नाहीत का तुमच्या शाळेत? चूक तुझी आहे."

मुलगी रडायचं थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. द्वारकाबाई तोवर मोरीतला साबण घेऊन पायरीपर्यंत आल्या होत्या. जखम आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, हे त्यांना स्वतःच्या मनगटाने शिकवलेलं होतं.

"द्वारका, आत हो," बद्रीनाथ म्हणाले.

आणि द्वारकाबाई आत गेल्या. साबण हातातच राहिला. बाहेर ड्रायव्हरने मुलीला उचललं आणि समोरच्या इमारतीत नेलं. त्या संध्याकाळी द्वारकाबाईंना नवऱ्याची शिसारी आली, ती नेहमीचीच होती; पण स्वतःची आली तेवढी कधी आली नव्हती.

तासाभराने मुलीची आई आली. दीक्षा रामटेके ऑफिसातून परस्पर दवाखान्यात गेली होती आणि तिथून धावत इथे. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"काका, तुमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलेली आहेत का? डॉक्टर विचारून राहिले."

"विचारून राहिले!" बद्रीनाथ फाटकाच्या आतून म्हणाले. "विचारून राहिले म्हणजे काय? विचारताहेत म्हणावं. कुठल्या तुम्ही? नागपूरकडच्या? आडनाव काय?"

आडनाव कळलं की बद्रीनाथांना माणसाबद्दल आणखी काही विचारायची गरज वाटत नसे. तिने सांगितलं, आणि त्यांनी नुसतं "अस्सं" म्हटलं. त्या दोन अक्षरांत त्यांनी तिला, तिच्या आईबापांना आणि तिच्या गावाला जागा दाखवून दिली, निदान त्यांना तरी तसं वाटलं.

"काका, मी मराठी शिकायला नाही आले. पोरगी तिकडे टेबलावर आहे. दिलीत की नाही, एवढं सांगा."

"फाटकावरची पाटी वाचता येते ना? मग वाचा. आम्ही आधी सांगतो. आणि कुत्र्याची काळजी तुम्ही करू नका. तुमच्या मुलीपासून त्याला काही होऊ नये म्हणजे झालं."

दीक्षा वळली आणि झपाझप चालू लागली. द्वारकाबाई मागच्या दाराने निघून बोळातून तिच्या आडव्या आल्या, "दिलीत गं, सगळी दिलीत, डॉक्टरांना सांग," एवढं म्हणाल्या आणि कुणी पाहिलं नाही ना ते बघत परत गेल्या. एवढाच त्यांचा पराक्रम.

दीक्षाने पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार संपत दोन पंच घेऊन पंचनाम्याला आला. एक कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, दुसरा समोरच्या इमारतीतला एक तरुण.

"आजोबा, कुत्रं तुमचंच हाय न्हवं?"

"कुत्रं नव्हे. कुत्रा. आणि आजोबा तुमच्या घरी."

संपतने मान हलवली आणि जागा बघून लिहायला घेतलं. फाटक, रस्ता, भिंत, डांबरावरचे वाळलेले थेंब. लिहून होतंय न होतंय तोच बद्रीनाथ पुढे झाले.

"पाटी लिहिलीत का?"

"पाटीचं काय काम हितं?"

"काम? अहो, तीच तर माझी बाजू आहे! मी जगाला लेखी सूचना दिलेली आहे. लेखी! कुत्रा चावतो हे मी सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी. सांगूनही कुणी चावून घेत असेल तर त्याला मी काय करणार? लिहा. शब्दशः लिहा."

संपतने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. नोकरीत त्याने पुष्कळ आरोपी पाहिले असतील, पण आपल्याविरुद्धचा पुरावा शब्दशः लिहून घ्या म्हणून हट्ट धरणारा पहिलाच असावा. मग तो पाटीसमोर उकिडवा बसला आणि एकेक अक्षर बघून त्याने उतरवून घेतलं.

"वाचून दाखवू?"

"तुमचं अक्षर बघून माझे डोळे कशाला बिघडवू?" बद्रीनाथ म्हणाले आणि विजयी मुद्रेने घरात आले. दुपारी गाढ झोपले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं पुढे वकिलांनी सांगितलं. वकील हिंमतराव तिथलेच, जुन्या हडपसर गावातले. अर्धं गाव त्यांचं पाहुणं आणि उरलेलं अर्धं त्यांचं अशील. त्यांनी दोषारोपपत्राच्या प्रती चाळल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ही पाटी पंचनाम्यात कुणी घातली?"

"मी. आग्रह करून."

"वा!" हिंमतराव म्हणाले. "शाळिग्राम, कायदा सोपा आहे. कलम दोनशे एकोणनव्वद. जनावर तुमच्या ताब्यात आहे, त्याच्यापासून माणसाला धोका आहे, आणि तुम्ही जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर गुन्हा. सरकारी वकिलाला काय सिद्ध करायचंय? कुत्रा चावरा आहे हे तुम्हाला माहीत होतं. ते त्याला सिद्ध करायला वर्षं गेली असती. तुम्ही ते रंगवून फाटकाला टांगलंत."

"पण मी सूचना दिली होती!"

"आत येणाऱ्याला. मुलगी रस्त्यावर होती. रस्त्यावरच्या माणसाने तुमची पाटी वाचून काय करायचं, रस्ता बदलायचा? चावतो हे माहीत आहे आणि तरी साखळी नाही. पाटी म्हणजे सुटका नव्हे, शाळिग्राम. पाटी म्हणजे कबुली."

बद्रीनाथांचा चेहरा पडला. कुणाच्या मुलीची पोटरी फाटली म्हणून नव्हे. पाटीचा अर्थ लावण्यात आपण चुकलो म्हणून. द्वारकाबाई शेजारच्या खुर्चीत बसून ते बघत होत्या.

हिंमतरावांनी आधी सरळ मार्ग सांगितला. "त्या बाईंना मी भेटलोय. पैसाबिसा मागत नाहीत. मुलीने खाली खेळायला जाणं सोडलंय. आपलीच चूक झाली, म्हणून कुत्रा चावला, असं धरून बसलीय. तुम्ही तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर म्हणायचं, बाळ, चूक तुझी नव्हती, माझी होती. एवढं म्हणा, पुढचं मी बघतो."

"सात वर्षांच्या मुलीची माफी मागू? मी?"

"मग खटला लढा."

"लढेन. शेंडी तुटो वा पारंबी तुटो."

हिंमतरावांनी खांदे उडवले आणि बचाव ठरवला. पाटी नव्हतीच. पोलिसांनी मनाने घातली. तिचा फोटो कुणी काढलेला नाही. पंचांपैकी तरुण नोकरी बदलून बेंगळुरूला गेलेला, झेरॉक्सवाला 'मी कोऱ्या कागदावर सही केली' म्हणायला तयार. गल्लीत पाटी सगळ्यांनी पाहिलेली, पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे गल्लीला तोंडपाठ होतं. राहिला कुत्र्याचा स्वभाव. तो चांगला असल्याचं सांगायला घरचाच साक्षीदार बरा.

"वहिनी सांगतील. शपथेवर. पाटी नव्हती, कुत्रा बांधलेला असायचा, याआधी कधी कुणाला चावला नाही. चावलाय का हो कुणाला?"

द्वारकाबाईंनी पदर मनगटावर ओढला.

"कुणालाही नाही," बद्रीनाथ म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. "म्हणजे बाहेरच्या कुणालाही नाही. घरच्यांना चावतो ते चावणं नव्हे."

हे ते कोडगेपणाने बोलत नव्हते. त्यांना ते खरोखरच तसं वाटत होतं, आणि द्वारकाबाईंना त्याचाच सगळ्यात जास्त तिटकारा आला. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

खटला चालायला दोन वर्षं लागली. वकिलांच्या सांगण्यावरून पाटी उतरवून कॉटखाली ठेवली होती. बद्रीनाथांचा जीव तिच्यात अडकलेला. रविवारी ते ती ओढून काढत, फडक्याने पुसत, पुन्हा आत सारत. मुलीबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. द्वारकाबाईंना मात्र ती समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दिसायची. खाली पोरं खेळत असायची आणि ही गजांना धरून उभी. द्वारकाबाई वर बघायच्या, ती आत जायची. आपण शपथ घेऊन खोटं बोललो की या मुलीच्या चुकीवर कोर्टाचा शिक्का बसणार, हे त्यांना कळत होतं. नाही बोललो तर घरात काय होईल हेही कळत होतं. रोज रात्री त्या बोलायचं ठरवत आणि सकाळी चहाबरोबर ते गिळून टाकत.

साक्षी झाल्या. झेरॉक्सवाल्याने ठरल्याप्रमाणे कोरा कागद सांगितला. संपत हवालदार आपल्या पंचनाम्याला चिकटून राहिला. दीक्षा सरळ बोलली, उलटतपासणीतही आवाज चढवला नाही. मग तो दिवस आला ज्या दिवशी मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, तुमच्याविरुद्ध असं असं आलंय, तुमचं काय म्हणणं? त्यानंतर लगेच बचावाची साक्षीदार, म्हणजे द्वारकाबाई. समोरच्या बाकावर दीक्षा होती आणि तिच्या शेजारी अपेक्षा. शाळेला सुट्टी होती म्हणून आणली असावी.

सकाळी कोर्टाच्या आवारात हिंमतरावांनी बद्रीनाथांकडून पाठ करून घेतलं होतं. "काहीही विचारलं तरी दोनच उत्तरं. 'खोटं आहे' आणि 'माहीत नाही'. तिसरा शब्द तोंडातून काढायचा नाही."

मॅजिस्ट्रेट पन्नाशीचे होते, सर्दीने बेजार झालेले. ते कागदावरून वाचत होते आणि बद्रीनाथ आरोपीच्या पिंजऱ्यात हात जोडून उत्तरं देत होते.

"कुत्रा मोकळा होता, असं पुराव्यात आलंय."

"खोटं आहे."

"मुलगी रस्त्यावर असताना तो चावला."

"माहीत नाही."

हिंमतराव खूष होते. मॅजिस्ट्रेटांनी नाक पुसलं आणि पंचनाम्याचा कागद पुढे ओढला.

"तुमच्या फाटकावर पाटी होती, असं आलंय. पाटीवरचा मजकूर..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि जसं लिहिलं होतं तसं, अडखळत वाचलं. "येथिल कुत्रा चावतो मालक... हि... चावतो पण तो आधि सांगतो. कसलं वाक्य आहे हे? मालक हि? काही कळत नाही." त्यांनी कागद उलटा करून दाराशी उभ्या संपतकडे धरला. "मालक आणि हि वेगवेगळं आहे का? हि ऱ्हस्व?"

"व्हय साहेब. तसंच हुतं पाटीवर. बघून लिवलंय," संपत म्हणाला.

"तसंच होतं?" पिंजऱ्यातून आवाज आला.

हिंमतरावांनी मागे वळून डोळे वटारले. उपयोग झाला नाही. बद्रीनाथांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"लिहिणाऱ्याला मराठी येत नसावं," मॅजिस्ट्रेट सहज म्हणाले. "बरं. याबाबत काय म्हणणं आहे?"

"साफ खोटं आहे!" बद्रीनाथ गरजले. हिंमतरावांनी सुस्कारा सोडला, पण तो अर्धाच. "अशी पाटी असणं शक्य नाही! 'ही' शब्दाला जोडून होता आणि दीर्घ होता! 'मालकही'! पुढे अर्धविराम होता, तो या इसमाने गिळला. अर्धविरामाशिवाय 'तो' कुणाला लागतो? कुत्र्याला की मालकाला? आणि 'आधि'? आधि म्हणजे मनोव्यथा, साहेब! मी काय कुत्र्याची मनोव्यथा लिहीन? 'आधी' दीर्घ होतं. मी स्वतःच्या हाताने रंगवलंय. माझ्या पाटीत एक चूक दाखवा! पाटी घरी आहे, कॉटखाली, आत्ता आणून दाखवतो!"

कोर्टात कुणी खोकलं, कुणी खुदकन हसलं. मॅजिस्ट्रेट टंकलेखकाकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द सांगू लागले, "पाटी माझी आहे. ती मी स्वतःच्या हाताने..."

"रंगवली," बद्रीनाथांनी पुरवलं. "'र'वर अनुस्वार घ्या."

हिंमतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. एवढं सगळं होऊन हा माणूस कबूल झाला तो वेलांटीसाठी. सात वर्षांच्या पोरीसाठी जे ओठ हलले नाहीत, ते अर्धविरामासाठी भडाभडा वाहिले. या माणसाच्या मताला आपण तीस-बत्तीस वर्षं भ्यालो, या विचाराने त्यांना हसू येईल की रडू हे त्यांचं त्यांनाच कळेना.

हिंमतरावांनी उरलंसुरलं वाचवायला साक्षीदार पुकारला. द्वारकाबाई पिंजऱ्यात गेल्या, शपथ घेतली. पाटीचा प्रश्न आता विचारण्यात अर्थ नव्हता. कुत्र्याचा स्वभाव तेवढा हाती होता.

"वहिनी... बाई, हा कुत्रा याआधी कधी कुणाला चावला होता का?"

"हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला."

हिंमतराव घाईने सावरून घेऊ लागले. "म्हणजे खेळताना, ओरखडा वगैरे..."

"नाही. कडकडून. टाके पडले होते." त्यांनी पदर सारून मनगट मॅजिस्ट्रेटांसमोर धरलं. "त्यानंतरही तो मोकळाच असायचा."

"मग तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"नाही साहेब. मला सांगितलं होतं, चूक माझी आहे. मी ते खरं मानलं." त्यांनी समोरच्या बाकाकडे हात केला. "मग या मुलीला चावला, तेव्हा तिलाही तेच सांगितलं. माझ्यादेखत. तेव्हा मला कळलं, हे सगळ्यांनाच असं सांगतात. साहेब, ती पळाली नव्हती. मी पाहिलंय. भिंतीला लागून शहाण्यासारखी उभी होती. तिची काही चूक नव्हती. धुवायला साबण घेऊन मी बाहेर आले होते आणि आत हो म्हटल्यावर आत गेले, ती चूक माझी. मुलीची नाही. हे लिहून घ्या."

टंकलेखकाने लिहून घेतलं. समोरच्या बाकावर अपेक्षा आईकडे बघून काहीतरी कुजबुजली, आणि दीक्षाने नुसती मान डोलावली. दोन वेळा.

पुढच्या तारखेला निकाल लागला. बद्रीनाथ दोषी ठरले, दंड झाला, मुलीच्या उपचारांचा खर्च द्यायचा झाला, आणि कुत्रा साखळीशिवाय फाटकाबाहेर दिसता कामा नये अशी तंबी मिळाली. बद्रीनाथ निकालपत्राची प्रत हातात घेऊन रिक्षात बसले आणि फातिमानगर येईपर्यंत त्यांनी तिच्यात पेन्सिलीने बऱ्याच खुणा केल्या.

"अपील करणार," ते म्हणाले. "शुद्धलेखनाची ही दशा, आणि हे न्याय करणार! अपिलात तू फिरव. सांग, कोर्टाला घाबरून काहीतरी बोलून गेले."

द्वारकाबाई बाहेर बघत होत्या.

"घाबरून मी गप्प बसले होते," त्या म्हणाल्या. "बोलले ते घाबरून नाही."

बद्रीनाथांनी पेन्सिल उचलली. त्या वाक्यात काढण्यासारखी चूक काही त्यांना सापडेना. मग त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याला गिअर नीट टाकता येत नाही म्हणून झापलं.